खळमास्तरांचा हात

खळमास्तरांना वाट बघता येत नव्हती. एवढी एकच खोट त्यांच्यात होती, पण ती नेमकी शिकवणाऱ्या माणसात असू नये अशी होती. बाकी माणूस लाखात एक. मी हे उगाच कौतुक म्हणून सांगत नाही. आमच्या धंदेशिक्षणाच्या संस्थेत मी एकवीस वर्षं स्टोअर सांभाळलं. जाळीच्या खिडकीतून कात्र्या, दाभणं, सुया, दोऱ्याची रिळं द्यायची आणि पाच वाजता सगळं परत घेऊन कुलूप लावायचं, हे माझं काम. मुलं मला मागून कुलूपबाई म्हणायची. त्या जाळीतून मी मास्तर लोक खूप पाहिले. काम येणारे, न येणारे, नुसतीच कॉलर ताठ ठेवणारे. खळमास्तरांसारखा दुसरा नाही पाहिला.

ते पुस्तकबांधणी शिकवायचे. बोटांना कायम खळ लागलेली, नखांच्या कडांना वाळून पांढरी झालेली, म्हणून खळमास्तर. खरं नाव हजेरीपुस्तकात असेल, तोंडात कुणाच्याच नव्हतं. उंच, जरा वाकलेले, आणि हात असे चपळ की बघत राहावं. एखाद्याची घडी तिरकी पडली की हे बोलता बोलता ती सरळ करून पुढे गेलेले असायचे. त्या मुलाला कळायचंही नाही की आपली घडी तिरकी होती.

हे कुठून आलं तेही मला ठाऊक आहे, कारण त्यांनीच एकदा चहा पिताना सांगितलं होतं. चौदाव्या वर्षी ते एका बांधणीवाल्याकडे कामाला लागले. पहिलं पुस्तक बांधलं, त्याची पाठ वाकडी झाली. वस्तादाने सगळ्यांना गोळा केलं, पुस्तक हातात धरून टराटरा फाडलं आणि तुकडे यांच्या अंगावर टाकले. "त्या दिवशी ठरवलं बाई," मास्तर म्हणाले, "माझ्या हाताखालच्या कुठल्या पोराचं काम वाया गेलेलं मी त्याला दिसू देणार नाही." मी म्हटलं, वा, छान. तेव्हा मला ते छानच वाटलं होतं.

मग एके वर्षी वरून परिपत्रक आलं. ज्या मुलांना विशेष आधार लागतो त्यांना वेगळ्या खोलीत बसवायचं नाही, सगळ्यांबरोबर एकाच कार्यशाळेत तोच धंदा शिकवायचा. प्राचार्यांनी सभेत ते असं वाचून दाखवलं की जणू त्यांनीच लिहिलंय. तीन गोष्टी कबूल झाल्या होत्या: दाराशी उतार, एक आधार-शिक्षक, आणि परीक्षेत अशा मुलांना दीडपट वेळ. उतार झाला. त्यावरून कागदाच्या गाड्या फार सोयीने आत जायच्या. आधार-शिक्षकासाठी टेबल-खुर्ची आली, टेबलावर पाटी आली, शिक्षक काही आला नाही. पावसाळ्यात मुलं त्या खुर्चीवर छत्र्या वाळत घालायची. दीडपट वेळेचं पुढे सांगते.

त्या पहिल्या तुकडीत थांबी आली. सतराची होती, अंगाने भरलेली, केस घट्ट बांधलेले. तिला सगळं समजायचं, पण उशिरा समजायचं. तिच्या आईचं इस्त्रीचं दुकान होतं, आणि शाळेने चौथीनंतर हात वर केल्यापासून पोरगी त्या दुकानात कपड्यांच्या घड्या घालत बसलेली. घडी मात्र अशी घालायची की धारेवर बोट कापावं. कुणी तिच्या कामात हात घालायला गेलं की तिचं एकच वाक्य ठरलेलं: "थांबा, मी करते." पंधरा दिवसांत पोरांनी तिचं नाव थांबी ठेवलं. तिला ते आवडलं. रजा लागली तर अर्जावरसुद्धा तेच लिहायची.

आता बांधणीतली एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिथेच अडलं. मोठा छापील कागद घड्या घालून सोळा पानांचा एक गठ्ठा होतो, त्याला फर्मा म्हणतात. बारा फर्मे एकावर एक लावले, शिवले, की पुस्तक. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर एक काळी खूण छापलेली असते. पहिल्यावर अगदी वर, दुसऱ्यावर जरा खाली, तिसऱ्यावर आणखी खाली. बारा फर्मे बरोबर लागले की पाठीवर खुणांचा जिना दिसतो. एक पायरी मोडली की समजायचं, फर्मा चुकला. आणि हे शिवायच्या आधीच बघायचं असतं, कारण पाठीला कापड चिकटलं की जिना आत जातो. वरून पुस्तक झकास, आत चौसष्टनंतर सत्त्याण्णव.

थांबी घडी शिकली, शिवण शिकली, खळ लावायला शिकली. तिची शिवण वर्गात सगळ्यात चांगली होती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. फर्मे लावणं मात्र तिला जड जायचं. येत नव्हतं असं नाही. ती प्रत्येक खुणेवर बोट ठेवायची, ओठांतल्या ओठांत पुटपुटायची, परत पहिल्यापासून सुरू करायची. बाकीची पोरं दोन मिनिटांत मोकळी व्हायची, ही पाव तास झाला तरी पाचव्या फर्म्यावर. मग खळमास्तर यायचे. "थांबा, मी करते," ती म्हणायची. "वेळ नाही गं पोरी, घंटा व्हायला आली," असं म्हणत त्यांचा हात गठ्ठ्यावरून एकदा फिरायचा आणि जिना तयार. "हं, घे, शीव." ती क्षणभर त्या गठ्ठ्याकडे बघायची आणि सुई उचलायची.

पाच वाजता सगळे गेले की मी कुलपं घेऊन निघायची, तेव्हा कार्यशाळेच्या काचेतून मास्तर दिसायचे. दिवसभरातलं प्रत्येक पोराचं काम पुढ्यात घेऊन ढिले टाके ओढत, कोपरे सारखे करत बसलेले. पुढे पुढे थांबीचे उद्याचे गठ्ठेही तेव्हाच लावून ठेवायला लागले. मी दार वाजवून म्हणायची, "मास्तर, पोरं शिकतायत की तुम्ही?" ते हसायचे. मीही हसायची आणि त्यांच्याकडून दाभणं मागून घ्यायची. दोन वर्षं मी हे रोज पाहिलं आणि डोळ्यांवर कातडं ओढून घरी गेले.

परीक्षा आली. बाहेरचे परीक्षक येणार. दीडपट वेळेसाठी संस्थेने बोर्डाकडे अर्ज पाठवायचा होता. मास्तरांनी तीनदा आठवण केली, तिन्ही वेळा ऑफिसातून "झालंच म्हणून समजा" असं उत्तर आलं. परीक्षेच्या सकाळी कळलं की अर्ज खणातच राहिला. प्राचार्य म्हणाले, "आता काय करणार? घेऊ सांभाळून." कोणी सांभाळून घ्यायचं ते काही बोलले नाहीत.

परीक्षेचे फर्मे माझ्या स्टोअरमध्ये होते. प्रत्येकाच्या टेबलावर मी उलटसुलट केलेला गठ्ठा ठेवायचा, असा नियम. मास्तर खिडकीशी आले. तोंड उतरलेलं.

"बाई, तिच्या टेबलावर लावलेला ठेवा."

"मास्तर, हे बरं नाही."

"तिची चूक नसताना ती नापास होईल. अर्ज यांनी विसरायचा आणि भोगायचं तिने?"

मी लावलेला गठ्ठा नेला आणि स्वतःच्या हाताने तिच्या टेबलावर ठेवला. थांबीने त्याच्याकडे पाहिलं, खुणांवर बोट ठेवायला लागली, मग जिना आधीच तयार आहे हे बघून थांबली आणि रोजच्यासारखी सुई उचलली. शिवण बघून परीक्षक खूश. दाखल्यावर लिहून आलं: घडी उत्तम, फर्मे लावणे उत्तम, शिवण उत्तम. प्राचार्यांनी तिच्याबरोबर फोटो काढून तो प्रवेशद्वारात टांगला.

एका छापखान्याने दाखला बघून तिला कामावर घेतलं. आईने दुकान अर्धा दिवस बंद ठेवून तिला पोचवलं. पहिले पाच महिने बरे गेले. तिथे फर्मे लावणाऱ्या दोघी बायका वेगळ्या होत्या, थांबी फक्त शिवायची. तिला डब्यासाठी स्वतःचा खण मिळाला होता, त्याची किल्ली ती गळ्यात घालायची. रविवारी मास्तरांना भेटायला आली की पहिल्यांदा ती किल्ली दाखवायची. मास्तरांचे डोळे भरून यायचे.

सहाव्या महिन्यात घाईचं काम आलं. दवाखान्यात शिकणाऱ्या परिचारिकांचं पुस्तक, वेळेत हवं. मालक म्हणाले, ज्याने त्याने आपापले फर्मे लावा आणि शिवा. थांबीला कुणी विचारलं नाही, कारण दाखल्यावर 'उत्तम' होतं. तिनेही विचारलं नाही. दोन वर्षं तिच्यासमोर गठ्ठा आला की तो शिवायचाच असायचा. मुकादम मागे उभा राहून "चला, चला" करत होता. तिने समोरच्या ढिगांतून हाताला आले तसे फर्मे उचलले आणि सुबक, घट्ट, एकसारखी दोनशे चाळीस पुस्तकं शिवली. त्यातली एकशे सत्तर चुकली.

पुस्तकं परत आली तेव्हा मालकांनी संस्थेत फोन केला. मास्तर माझ्या खिडकीशी येऊन म्हणाले, "बाई, चला माझ्याबरोबर." छापखान्यात पोचलो तर थांबी आणि तिची आई बाकावर बसलेल्या. थांबी गळ्यातली किल्ली चाळवत होती. मालक वाईट माणूस नव्हता. तेच जास्त अवघड होतं.

"मास्तर, मला फसवलंत तुम्ही," ते म्हणाले. "येत नव्हतं तर तसं लिहायचं. मी दुसरं काम दिलं असतं."

"येतं तिला. वेळ लागतो."

"मग दाखल्यावर उत्तम कसं?"

मास्तर दाराकडे, मग थांबीकडे बघत राहिले. खोटं बोलले असते तर पोरगी निष्काळजी ठरली असती. खरं बोलले तर दाखला जाणार होता. शेवटी म्हणाले, "दोन वर्षं फर्मे मी लावून दिले. परीक्षेतही. चूक माझी आहे, तिची नाही."

आई उठली. "म्हणजे तुम्ही मला काय सांगत होता मास्तर? दर महिन्याला येत होते ना मी? पोरगी पुढे आहे, पोरगी पुढे आहे. येत नाही म्हणाला असतात तर घरी बसून शिकवलं असतं मी. कपडे जाळून जाळून इस्त्री शिकलेली बाई आहे मी. मला काय, चुकण्याचं भय होतं?"

मास्तरांनी मालकांना हात जोडले. "एकदा तिच्यापुढे फर्मे ठेवा. मी हात लावणार नाही."

मालकांनी बारा फर्मे उलटसुलट करून ठेवले. थांबीने बोट पहिल्या खुणेवर ठेवलं. ओठ हलायला लागले. चौथ्याशी ती अडली, परत पहिल्यावर आली. मास्तरांचा उजवा हात आपोआप उठला. "थांबा, मी करते," ती मान वर न करता म्हणाली. तेव्हा या माणसाने आपले दोन्ही तळवे मांड्यांखाली सारले आणि त्यांच्यावर बसून राहिला. वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखा. पलीकडे मशीन धडधडत होतं, मुकादम दोनदा डोकावून गेला. शेवटी तिने गठ्ठा ठोकून सारखा केला आणि त्याची पाठ आमच्याकडे वळवली. जिना तयार होता. एकही पायरी मोडलेली नव्हती.

मालकांनी गठ्ठा हातात घेतला, उलटा-सुलटा पाहिला. "बरोबर आहे," ते हळू म्हणाले. मग घड्याळाकडे पाहिलं. "अठरा मिनिटं, मास्तर."

"उद्या येऊ?" थांबीने विचारलं. खोलीत चार मोठी माणसं होतो. एकालाही तोंड उघडता आलं नाही. आईने तिच्या गळ्यातली किल्ली काढून टेबलावर ठेवली.

पुढे चौकशी लागली. प्राचार्यांनी प्रवेशद्वारातला फोटो त्याच संध्याकाळी उतरवला. त्या कामात मात्र त्यांना तीनदा आठवण करावी लागली नाही. खणात राहिलेल्या अर्जाचं कुणी नावही काढलं नाही. समितीतल्या एकाने विचारलं, "परीक्षेत तिच्या टेबलावर लावलेले फर्मे कोणी ठेवले?" मी दारातच उभी होते, हातात किल्ल्यांचा जुडगा. मास्तर म्हणाले, "मीच." त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या नोकरीची तीन वर्षं उरली होती आणि मी तोंडात मूग धरून उभी राहिले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

थांबीचा दाखला रद्द झाला, आणि रद्द झालेल्याला पुन्हा परीक्षेला बसता येत नाही असं बोर्डाने कळवलं. संस्थेने विशेष आधाराची मुलं पुन्हा एका वेगळ्या खोलीत नेली आणि त्यांना पाकिटं चिकटवायला बसवलं. "त्यांच्या कुवतीला हेच बरं," असं प्राचार्य सभेत म्हणाले. मास्तरांना वर्गातून काढून ग्रंथालयात फाटकी पुस्तकं डकवायला दिली. त्यांनी एका शब्दाने तक्रार केली नाही.

पण दर रविवारी सकाळी ते बारा फर्म्यांचा गठ्ठा घेऊन इस्त्रीच्या दुकानात जायला लागले. पहिले दोन रविवार आईने त्यांना बसा म्हटलं नाही. तिसऱ्या रविवारी स्टूल सरकवलं. थांबी इस्त्रीच्या टेबलाच्या टोकाला फर्मे पसरायची, मास्तर तळव्यांवर बसून राहायचे. चुकली तरी बोलायचे नाहीत. ती गठ्ठ्याची पाठ वळवून बघायची, पायरी मोडलेली दिसली की स्वतःच गठ्ठा सोडून पुन्हा लावायची. किती मिनिटं लागली ते आई कपड्यांवर खुणा करायच्या खडूने भिंतीवर लिहायची. अठरा. एकोणीस. सतरा. सोळा. एकदा मास्तर माझ्या खिडकीशी आले, चेहरा उजळलेला. "बाई, अकरा!" मी म्हटलं, "आता काय उपयोग मास्तर?" बोलून गेले आणि जीभ चावली. ते म्हणाले, "तिच्या वर्गात मी एवढं थांबलो असतो तर ती पहिल्याच वर्षी अकरावर आली असती. आता कुणीतरी थांबायला नको का?"

दीड वर्ष हे चाललं. मग एका सोमवारी ग्रंथालयाच्या जिन्यात ते दम खायला म्हणून टेकले ते उठलेच नाहीत. त्यांच्या पिशवीत डबा होता आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला फर्म्यांचा गठ्ठा. पिशवी घरच्यांना दिली. गठ्ठा मी ठेवून घेतला.

निवृत्त झाल्यावर पहिल्या रविवारी मी तो घेऊन दुकानात गेले. इस्त्रीचा गरम वास, भिंतीवर खडूचे आकडे, शेवटचा सात. आईने स्टूल सरकवलं. थांबीने गठ्ठा ओळखला. आठव्या फर्म्यावर तिने चुकीचा उचलला आणि माझा हात टेबलावर गेला. "थांबा, मी करते," ती म्हणाली. मी हात मागे घेतला आणि त्याच्यावर बसले. बोटांना स्टुलाची फळी टोचत होती. तिने तो फर्मा परत ठेवला, बरोबर तो उचलला आणि गठ्ठा ठोकून माझ्याकडे वळवला. सहा मिनिटं.

मला राहवलं नाही. मी बाहेर पायरीवर जाऊन छापखान्याच्या मालकांना फोन लावला.

"सहा?" ते म्हणाले. त्यांना खरंच आनंद झाला. "अहो, नव्या बायकांना इथे चार-पाच लागतात. शिवण तर तिच्यासारखी अजून कुणाची नाही. पाठवा तिला. येताना दाखला आणायला सांगा."

"दाखला रद्द झालाय."

मालकांचा आवाज उतरला. "बाई, मागे दाखला बघून घेतली तर एवढं झालं. आता दाखल्याशिवाय घेतली तर भागीदार मला उभं राहू देणार नाही. मला माफ करा."

मी आत आले. थांबी उभी होती. फोन कुणाला लावला ते तिने ऐकलं होतं.

"उद्या येऊ म्हणाले?"

त्या दिवशी छापखान्यात चौघांनी टाळलेलं उत्तर माझ्यावर येऊन पडलं होतं. "नाही म्हणाले," मी म्हटलं. "दाखला नाही म्हणून. आणि तो दाखला गेला त्यात मीही आहे. परीक्षेत तुझ्या टेबलावर लावलेले फर्मे मास्तरांनी नाही, मी ठेवले होते."

आईच्या हातातली इस्त्री तशीच अधांतरी राहिली. थांबी विचार करत होती. तिला वेळ लागतो. मी वाट बघितली.

"मला लावता आले असते," शेवटी ती म्हणाली.

"हो."

"मी रोज म्हणायची, थांबा."

"हो गं बाई. म्हणायचीस."

तिने खडू घेतला, साताखाली सहा लिहिला, फर्मे पुन्हा उलटसुलट केले आणि पहिल्या खुणेवर बोट ठेवलं.